बालबेकची सहा खांबांची खिडकी

आजचा धागा थोडा वेगळा आहे. लढाया आणि तह बाजूला ठेवून एका हॉटेलाची गोष्ट सांगतो. २०१८च्या मार्चमध्ये लेबनॉनमधील बालबेक येथे मी दोन रात्री मुक्काम केला. बैरूतपासून हे गाव सुमारे ८५ किलोमीटरवर. डोंगर ओलांडला की बेका खोरे उघडते. गाव उंचावर असल्याने त्या दिवसांतही हवेत बोचरा गारठा होता.

उतरलो ते ‘पामिरा’ हॉटेलात. १८७४ साली बांधलेली ही वास्तू रोमन मंदिरांच्या अगदी समोर उभी आहे. एवढ्या आडगावात त्या काळी हॉटेल कोणासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर रस्त्यात सापडते. १८६३मध्ये बैरूत-दमास्कस मार्गावर घोडागाड्या धावू लागल्या, १८६९मध्ये थॉमस कुकने पवित्र भूमीच्या सहली सुरू केल्या आणि युरोपातला हौशी प्रवासी बालबेकपर्यंत येऊ लागला. त्याला पाठ टेकायला जागा हवी होती.

माझ्या खोलीत लोखंडी पलंग, झिजलेला गालिचा आणि करकरणारी झडपांची खिडकी होती. झडपा उघडल्या आणि समोर ज्युपिटर मंदिराचे सहा खांब! प्रत्येकाची उंची सुमारे २० मीटर. मुळात असे ५४ खांब होते. १७५१ साली रॉबर्ट वुड आणि जेम्स डॉकिन्स येथे आले तेव्हा नऊ शिल्लक होते; वुडच्या १७५७च्या ग्रंथातील चित्रांत ते नऊच्या नऊ दिसतात. पुढे दोनच वर्षांनी, १७५९मध्ये, मोठा भूकंप झाला आणि सहाच उरले. त्या चित्रांचे मोल मला त्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळले. तीन खांब आता केवळ कागदावर आहेत.

दुसऱ्या दिवशी दगडखाणीत गेलो. सुमारे १००० टनांचा ‘गरोदर स्त्रीचा दगड’ तेथे तिरका पडून आहे. २०१४मध्ये त्याच्याच शेजारी जमिनीखाली त्याहूनही मोठा दगड सापडला, अंदाजे १६५० टनांचा. हे काम परग्रहवासीयांचे, असे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. कृपया विसरा. खाण मंदिरापासून किलोमीटरभराच्या आत आणि किंचित उंचावर आहे, म्हणजे दगड चढावर ओढायचे नव्हते. शिवाय जे दगड खाणीतच सोडून द्यावे लागले, ते माणसाच्या चुकलेल्या हिशोबाचीच साक्ष देतात.

बॅकस मंदिराच्या भिंतीत जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मची संगमरवरी पाटी आहे. तो १८९८च्या नोव्हेंबरात येथे आला आणि त्याच्या भेटीनंतर १९००मध्ये जर्मन उत्खनन सुरू झाले. एका सम्राटाच्या हौसेतून पुरातत्त्वाचे एवढे मोठे काम उभे राहावे, हे मला आजही थोडे अस्वस्थ करते.

संध्याकाळी वीज गेली. हॉटेलात पाहुणा मी एकटाच. वृद्ध व्यवस्थापकांनी शेगडी पेटवली, बाजारातून गरम स्फीहा आणवले आणि भिंतीवरची ज्याँ कोक्तोची रेखाचित्रे मेणबत्तीच्या उजेडात दाखवली. “पाहुणेच नसतील तर हिवाळ्यात बंद का ठेवत नाही?” मी विचारले. ते म्हणाले, “उस्ताद, दोन महायुद्धे झाली, आमचे यादवी युद्ध झाले. हे दार एक दिवसही बंद राहिलेले नाही. ते मी बंद करू?”

निघताना त्यांनी नोंदवही पुढे केली. नावापुढे मी ‘पुणे’ असे लिहिले. परत आल्यावर वाचनात आले, की ऑक्टोबर १९१८मध्ये याच खोऱ्यातून पाचवी घोडदळ डिव्हिजन होम्स आणि अलेप्पोकडे गेली होती व तिच्यात ३४वी ‘पूना हॉर्स’ ही पलटण होती. १८१७च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी जे घोडदळ उभारले, त्याची ही वारसदार. ज्यांचे राज्य त्या घोडदळाने बुडवण्यास हातभार लावला, त्यांच्याच शहराचे नाव ती शंभर वर्षे मिरवत बेका खोऱ्यात पोहोचली होती! आधी ठाऊक असते, तर नोंदवहीत आणखी एक ओळ लिहिली असती.

नोव्हेंबर २०२४मध्ये इस्रायली हवाई हल्ल्यात मंदिरांलगतची ‘मनशिया’ ही जुनी इमारत जमीनदोस्त झाली आणि पामिरालाही हानी पोहोचली. मंदिरे वाचली. त्याच महिन्यात युनेस्कोने लेबनॉनमधील ३४ स्थळांना विशेष संरक्षण दिले. बालबेकची मंदिरे तर १९८४पासूनच जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगाचा जीव त्या सहा खांबांत अडकला होता, आणि ते योग्यच होते. पण ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर खांब नव्हते. १५० वर्षांची ती करकरणारी खिडकी होती, आणि मेणबत्ती धरलेला म्हातारा हात.

त्या रात्री अंधारात टिपलेले खिडकीचे एकच छायाचित्र माझ्याकडे आहे. हलले आहे, खांब नीट मोजता येत नाहीत. तरीही वुडची चित्रे आठवून ते खाली जोडतो आहे.