नावाचे भांडवल

आमच्या घराण्यात ‘मोठ्या कॉलेजात शिकलेला माणूस’ असा जर कोणाचा लौकिक असेल, तर तो माझा. हा लौकिक मी कधी मागितला नाही, हे खरे; परंतु तो कधी नाकारलाही नाही, हे त्याहून अधिक खरे. गेली चाळीस वर्षे मी तो खांद्यावरील शालीसारखा वागवीत आलो, आणि ती शाल उसनी आहे याची आठवण स्वतःलाही फारशी होऊ दिली नाही. गेल्या जूनमध्ये मात्र ती उतरवून ठेवण्याचा प्रसंग आला.

सांगलीस माझ्या धाकट्या भावाचे किराणा मालाचे दुकान आहे. वडिलांनी ते घातले आणि त्याने वाढविले. त्याचा मुलगा यंदा बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि पुढे व्यवस्थापनाची पदवी घ्यावी असे त्याच्या मनाने घेतले. इंदूरच्या आय. आय. एम.ने बारावीनंतर थेट प्रवेश देणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०११ साली सुरू केला. तेथे त्याची वर्णी लागली नाही. आता त्याच्यापुढे दोन दारे उघडी होती. एक पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्सचे. हे कॉलेज १९४३ सालचे, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीलाही परिचयाचे. दुसरे दार दूरच्या शहरातील एका खासगी संस्थेचे. तिचे नाव घेताच ऐकणारा खुर्चीत सावरून बसतो. तिची फी ऐकून मात्र माझा भाऊ मटकन खाली बसला. तरीही दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘दुकानावर कर्ज काढू. पण आधी काकांना विचारून ये. ते मोठ्या कॉलेजात शिकलेले आहेत.’

अशा रीतीने मुलगा मुंबईस माझ्याकडे आला. दुकान गहाण टाकून मुलाला व्यापार शिकावयास धाडायचे, यातील विनोद मला तत्काळ जाणवला. परंतु मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून मी हसलो नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी त्याच्यापुढे माझे ज्ञानभांडार उघडले. व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात देता येते ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही, असे मी त्याला सांगितले. अमेरिकेत जोसेफ व्हॉर्टन या लोखंड आणि निकेलच्या कारखानदाराने १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर दिले आणि तेथे अशी पहिली शाळा निघाली. आज पदवीच्या वर्गासाठी जगभरची मुले तिच्या दारात उभी राहतात. आपल्या मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 

‘पण काका,’ पुतण्या म्हणाला, ‘ही कॉलेजे मोठी कशाने होतात?’

प्रश्न साधा होता, आणि साध्या प्रश्नांना उत्तर देणे नेहमीच कठीण. मी विचार करू लागलो. चांगले शिक्षक, चांगले ग्रंथालय, हे सर्व लागतेच. परंतु ज्या देवळाचा उंबरठा उंच, तेथील देव जागृत, असे मानण्याकडे आपला कल असतो. दिल्लीचे श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स १९२६ सालचे. तेथे २०११ साली बी. कॉम.च्या ऑनर्स वर्गासाठी, शाळेत वाणिज्य विषय न घेतलेल्या मुलांकडून शंभरापैकी शंभर गुण मागितले गेले, तेव्हा देशभर गहजब झाला. पण त्या गहजबाने कॉलेजची कीर्ती उणावली काय? उलट ती वाढली. २०२२ पासून तेथील प्रवेश बारावीच्या गुणांवर न ठरता सामायिक परीक्षेवर ठरतो. उंबरठा बदलला, त्याची उंची राहिली. ज्यांना आत घेतले त्यांच्यापेक्षा ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या संख्येवर कॉलेजचा मोठेपणा मोजला जातो, हे थोडे चमत्कारिक नव्हे काय?

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही मी त्याला सांगितला. योग्यता सारखीच असलेले दोन विद्यार्थी, एक नामांकित कॉलेजात गेला आणि दुसरा साध्या कॉलेजात, तर पुढे त्यांच्या मिळकतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे त्यांना अमेरिकेतील कॉलेजांच्या बाबतीत आढळले. कर्तृत्व मुलाचे असते आणि श्रेय दाराला मिळते, असाच याचा अर्थ. परंतु त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. गरीब घरांतील मुलांना नामांकित कॉलेजाचा लाभ झालेला दिसला. ज्याच्या घरी ओळखीपाळखींचा वारसा नाही, त्याला कॉलेजचे नाव हाच कदाचित वारसा ठरत असावा.

पुतण्या शांतपणे ऐकत होता. मग तो म्हणाला, ‘काका, अभ्यास राहू द्या. तुमचेच पाहा ना. तुम्ही सिडनहॅमचे नसता, तर बँकेत एवढ्या वरच्या जागेवर गेला असता का?’

येथे माझी वाचा बसली.

१९८१ साली सिडनहॅमच्या प्रवेशयादीत मी माझे नाव शोधले होते. ते तेथे नव्हते. माझे गुणच कमी पडले होते. मग त्याच भागातील, सकाळी भरणाऱ्या एका साध्या कॉलेजात मी नाव घातले. घरी लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘कॉलेज चर्चगेटजवळ आहे’ एवढेच लिहिले. त्यात असत्य काही नव्हते. वडिलांनी ते पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखविले, आणि चार दिवसांत गावाने माझे कॉलेज ठरवून टाकले. मी फक्त गप्प राहिलो. पुढे ते मौन मला सोयीचे झाले, आणि त्यानंतर सवयीचे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. अठरा वर्षांच्या मुलापुढे साठी ओलांडलेल्या माणसाने असे काही कबूल करणे किती जड जाते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘बँकेत कोणी विचारले नाही?’

‘पहिल्या मुलाखतीत विचारले,’ मी म्हणालो, ‘तेथे मी खरे सांगितले. त्यानंतर पस्तीस वर्षे बँकेत कोणी विचारले नाही. विचारले ते फक्त लग्नाच्या पंक्तीत.’

तो हसला. पण त्या हसण्यात पूर्वीचा आदर होता की नाही, हे मला सांगवत नाही.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. मुलाने पुण्याला जायचे ठरविले होते. माझ्या हकीकतीने ते ठरले की कर्जाच्या आकड्याने, हे मी विचारले नाही, आणि त्या अभ्यासातील दुसरी गोष्ट आठवून त्याचा निर्णय बरोबरच ठरेल असे छातीठोकपणे म्हणण्याचेही धैर्य मला झाले नाही. मात्र भावालाही आता सांगणे भाग होते. मी चाचरत सुरुवात केली, ‘तुला एक सांगायचे राहिले आहे. ते माझे कॉलेज...’

‘दादा,’ तो मध्येच म्हणाला, ‘सुटीत तू आलास की तुझी ट्रंक मीच आवरीत असे. फीच्या पावत्या तीतच असत. मला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.’

‘मग कधी बोलला नाहीस तो?’

‘बाबा रोज दुकानात तुझे नाव घेत. त्यांना बरे वाटे. मलाही वाटे.’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसून होतो. प्रतिष्ठा ही मिळविणाऱ्याची मिळकत असते, अशी माझी समजूत होती. ती टिकविण्यासाठी चार जिवलगांचे मौन लागते, हे मला इतक्या उशिरा कळले. मोठमोठ्या कॉलेजांची गोष्टही याहून फार वेगळी नसावी. त्यांच्या नावात कोणा वडिलांचे दुकानातील कौतुक, कोणा भावाने मागे राहून ओढलेला गाडा आणि कोणा आईने मोडलेला दागिना मिसळलेला असतो. हे भांडवल इतरांचे असते. पाटीवर नाव तेवढे कॉलेजचे.

आणि व्यापाराविषयी बोलायचे, तर आमच्या दोघांत खरा व्यापार केला तो भावाने. मी आयुष्यभर नोकरीच केली.