पुण्याचे घाट, बंद खोलीत

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. कॉलेजची मुलं, कारखान्यातले कामगार, दूधवाले, शाळेतल्या बाई, सगळे सायकलवर. कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात गेलात तर त्या काळातल्या सायकली, दिवे आणि पंप पाहताना तास कसा जातो कळत नाही. मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या आणि सायकल रस्त्याच्या कडेला सरकत सरकत दिसेनाशी झाली. 2017 च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या होत्या, पण त्याही फार काळ टिकल्या नाहीत.

आज याच शहरात लोक पैसे भरून अशी सायकल चालवतात जी जागची हलत नाही. ऐकून हसू येईल. पण संध्याकाळी 7 वाजता कर्वे रस्त्यावर उभं राहून बघा. बस, रिक्षा आणि दुचाकींच्या त्या गर्दीत तुम्ही तुमच्या मुलीला सायकल घेऊन पाठवाल? स्वतः जाल?

मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर काठावर आहे, रोज घाम येईल असं काहीतरी करा, पण गुडघे सांभाळून. वय 46. धावणं शक्य नव्हतं. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, गुडघ्यांना धावण्यासारखे धक्के बसत नाहीत. म्हणून महिनाभर मी पुण्याच्या तीन टोकांना जाऊन स्पिनिंगचे क्लास करून पाहिले. पॅकेज कुठेच घेतलं नाही. एकेका क्लासचे पैसे भरले. ते मल्टिप्लेक्सच्या तिकिटापासून त्याच्या दुपटीपर्यंत होते.

ही सायकल वेगळी का?

स्पिनिंगची सुरुवात अमेरिकेत झाली. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीची तयारी करत होते. रात्री-अपरात्री रस्त्यावर सराव करणं धोक्याचं, म्हणून त्यांनी स्वतःच एक जागेवरची सायकल तयार केली. त्यातून 1990 च्या दशकात हा व्यायाम जगभर पसरला. म्हणजे रस्त्याची भीती तिथेही होतीच. ‘स्पिनिंग’ हे नाव मात्र एका कंपनीचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, त्यामुळे अनेक स्टुडिओंच्या पाटीवर ‘इनडोअर सायकलिंग’ किंवा नुसतं ‘राइड’ लिहिलेलं दिसतं.

या सायकलीच्या पुढच्या बाजूला एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. बहुतेक सायकलींमध्ये पेडल या चाकाला थेट जोडलेलं असतं. रस्त्यावरच्या सायकलवर आपण पाय थांबवले तरी ती पुढे घरंगळत जाते. इथे तसं नसतं. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतं आणि तुमचे पायही. थांबायचं असेल तर समोरचा नॉब खाली दाबायचा, तोच ब्रेक. तोच नॉब उजवीकडे फिरवला की रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे चढ लागतो. डावीकडे फिरवला की सपाट रस्ता. ज्या ट्रेनरने संगीत लावण्यापूर्वी नव्या माणसाला हा ब्रेक दाखवला, तो चांगला ट्रेनर. तिन्ही ठिकाणी मी हीच कसोटी लावली.

कोरेगाव पार्क: अंधार आणि ढोल

कोथरूडहून मी मेट्रोने निघाले. डेक्कनच्या पुढे मेट्रो मुठेच्या कडेने जाते तो तुकडा मला आवडतो. बंडगार्डनला उतरून रिक्षाने कोरेगाव पार्क गाठलं. वडाच्या पारंब्यांच्या गल्ल्या, कॅफे, आणि एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर काळा दरवाजा.

आत खोली जवळजवळ अंधारी. तीसेक सायकली, तीन रांगांत. ट्रेनर उंच चौथऱ्यावर, कानाला माइक. दिवे जांभळे, मग लाल. गाण्याच्या ठेक्यावर सगळे एकदम उठतात, एकदम बसतात. आवाज एवढा की हँडल थरथरतं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या शेजारून जाताना छातीत जे होतं, अगदी तसं.

या अंधाराचा फायदा पाचव्या मिनिटाला समजला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. माझं पोट, घाम, लाल झालेला चेहरा, कुणालाच दिसत नव्हता. जिमच्या आरशांसमोर अवघडणाऱ्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण याच अंधारात ट्रेनरलाही मी दिसत नव्हते. सीट किती उंच हवी हे रिसेप्शनवरच्या मुलीने लावून दिलं, ब्रेकबद्दल कुणीच बोललं नाही. "कम ऑन, मॅम!" एवढाच आमचा संवाद. 45 मिनिटांनी बाहेर पडले तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि कान बधिर. दिवसभराचं ऑफिस विसरायचं असेल तर अशी खोली उत्तम. पहिल्याच दिवशी इथे जाऊ नये, आणि जाल तेव्हा कानात घालायचे बोळे न्यावेत.

बाणेर: आकड्यांची भिंत

पुढच्या आठवड्यात चांदणी चौकातून बाणेर. इथली गर्दी आयटीतली, त्यामुळे पहिला क्लास सकाळी 6 ला. खोली उजेडी, एका बाजूला काच, काचेतून बाणेरची टेकडी. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक सायकलचा नंबर, मिनिटाला पेडलचे किती फेरे, किती वॅट, आणि कोण कितवं.

सोळा जणांत मी चौदावी. सगळ्या क्लासभर. शेजारचा तरुण तिसऱ्या नंबरवर होता आणि दुसऱ्यावरच्या मुलीकडे डोळा ठेवून दात-ओठ खात होता.

आकडे वाईट नसतात. मिनिटाला 80 ते 110 फेरे म्हणजे सपाट रस्ता, 60 ते 80 म्हणजे चढ, हे गणित मला इथेच नीट समजलं. पाय 120 च्या वेगाने भिरभिरत असतील तर तो पराक्रम नव्हे, रेझिस्टन्स कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ. ट्रेनर मुलगी हुशार होती. तिने मला ब्रेक दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, पडद्याकडे बघू नका. तुमचा मागच्या गाण्याचा आकडा बघा." स्वतःच्याच आकड्याशी तुलना करायची, हे ऐकून बरं वाटलं. पण भिंतीएवढा पडदा समोर असताना त्याकडे न बघणं अवघडच. ज्यांना मोजल्याशिवाय व्यायाम केल्यासारखं वाटत नाही त्यांच्यासाठी ही जागा. एक लक्षात ठेवा, सायकलमध्ये तुमचं वजन आणि वय भरलेलं नसेल तर पडद्यावरचा कॅलरीचा आकडा हा ढोबळ अंदाज असतो. त्या भरवशावर वाटेत वडापाव खाऊ नका.

कोथरूड: बोपदेव ते दिवे

तिसरी खोली माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. खाली किराणा दुकान, वर जिम, जिमच्या कोपऱ्यात दहा सायकली. ना अंधार ना पडदा. छताला पंखे आणि भिंतीवर घड्याळ.

ट्रेनर पंचविशीचा. आल्याआल्या म्हणाला, "काकू, सायकलच्या शेजारी उभ्या राहा." कमरेच्या हाडापर्यंत सीट आणली. मग मला बसवून पेडल खाली नेलं आणि गुडघा किंचित वाकलेला राहतोय ना ते पाहिलं. पेडल आडवी केली, पुढचा गुडघा पेडलच्या बरोबर वर येईल अशी सीट पुढे सरकवली. हँडल उंच ठेवलं, म्हणजे कंबरेवर ताण नको. ब्रेक दोनदा दाबून घ्यायला लावला. माझी ओढणी बाजूला ठेवायला सांगितली, कारण ती चाकात गेली तर गळ्याशी येईल. यात पाच मिनिटं गेली. बाकीचे नऊ जण थांबून राहिले, कुणी कुरकुर केली नाही.

मग सुरू झाला त्याचा क्लास. गाणी होती, पण बेताच्या आवाजात. त्यावर तो रस्ता सांगत होता. "कोंढवा आलं. खडी मशीन चौक सोडला. आता येवलेवाडी, नॉब थोडा उजवीकडे. बोपदेव सुरू!" पुण्यातले सायकलवाले रविवारी पहाटे करतात ती फेरी होती ती. बोपदेव घाट चढून सासवडला, तिथून दिवे घाट उतरून हडपसरमार्गे परत. "वळण आलं, उठा. काकू, तुम्ही बसूनच चढा, आज उभं राहायचं नाही." घाम डोळ्यांत जात होता, पण चढ किती उरलाय हे माहीत होतं, कारण तो रस्ता माझ्या ओळखीचा. सासवडला पाणी प्यायला दिलं. मग उतार. "दिवे घाट आला, खाली मस्तानी तलाव दिसतोय. पण नॉब पूर्ण सैल करायचा नाही हं! नाहीतर चाक पायांना ओढून नेईल." ज्या दिवे घाटातून माउलींची पालखी सासवडला चढते, तो घाट मी किराणा दुकानाच्या वर बसून उतरले.

शेजारच्या सायकलवर सत्तरीला टेकलेल्या एक बाई होत्या. पंजाबी ड्रेस, पायात साधे कॅनव्हासचे बूट. लग्नाआधी त्या सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात रोज सायकलने जात. "मुलं झाली आणि सायकल सुटली ती सुटलीच," त्या टॉवेलने मान पुसत म्हणाल्या. "आता रस्त्यावर काढायची हिंमत नाही. इथे कुणी हॉर्न तरी वाजवत नाही."

त्या आठवड्यातून तीनदा येतात. त्यांनी एकदाही चढावर उभं राहून पेडल मारलं नाही, आणि त्यांना तसं करायला कुणी सांगितलंही नाही.

जाण्यापूर्वी एवढं नक्की करा

* पहिला क्लास असेल तर 15 मिनिटं आधी जा आणि नवीन आहात हे सांगा. सीट लावून घेतल्याशिवाय पेडल मारू नका.
* पहिल्या दिवशी पूर्ण 45 मिनिटं बसायलाच हवं असं नाही. 2017 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांना पहिल्याच क्लासच्या अतिश्रमाने रॅब्डोमायोलिसिस झाला. यात स्नायू झिजून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. क्लासनंतर मांड्या प्रचंड दुखू लागल्या, सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.
* व्यायाम करताना तुटक वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दच फुटत नसेल तर नॉब डावीकडे फिरवा.
* हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेहाची औषधं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* ओढणी, लांब नाडी, सैल पायजमा नको. सीट टोचते, दोन-तीन क्लासनंतर सवय होते. गादीची शॉर्ट्स घेतली तर उत्तम.
* पाण्याची बाटली आणि टॉवेल घरून न्या.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते. 45 मिनिटांचे दोन जोरकस क्लास केले तरी यातला किमान आकडा गाठला जातो. त्यासाठी सर्वांत झगमगीत स्टुडिओ लागत नाही. जिथे पुढच्या आठवड्यात पुन्हा जावंसं वाटेल, अशी जागा लागते. कुणाला ती अंधारात सापडेल, कुणाला आकड्यांत. मी कोथरूडच्या जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत. पुढच्या मंगळवारी कात्रजचा जुना घाट आहे.