किनारा आहे तसा राहू दे, असं मी म्हणायचो

आमच्या गावच्या किनाऱ्याला कुणी हात लावू नये, ही माझी भूमिका गावात सगळ्यांना पाठ होती. ग्रामसभेत सुशोभीकरणाचा विषय निघाला की सर विरोधाला उभे राहणार, हे ठरलेलं. आज त्याच किनाऱ्याचा आराखडा गावाने स्वतः करावा म्हणून मी घरोघर फिरतो आहे. लोक विचारतात, सर, तुम्हाला एकदम झालं काय? चार माणसांत उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गाव मालवण आणि देवगडच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण आराखडा अजून चर्चेत आहे आणि काही घरांच्या जमिनीचे प्रश्न त्यात गुंतले आहेत. एका अंगाला खाडीचं मुख, दुसऱ्या अंगाला कातळाचा डोंगर, मधे लांबलचक पुळण. पुळणीमागे सुरूची रांग, तिच्यामागे माडांची आगरं आणि गाबित मच्छीमारांची वाडी. रापणीच्या होड्या पुळणीवर, छोट्या यांत्रिक नौका खाडीच्या तोंडाशी.

माझ्या विरोधाला कारणं होती आणि त्यांतली बरीचशी मला आजही पटतात. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनारा म्हणजे निधी आणण्याची जागा, असं समीकरण बसलं. पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाकं, कमान, हायमास्ट दिवा, हे सगळं एका साच्यातून काढल्यासारखं गावोगावी उभं राहिलेलं मी पाहत होतो. पुळण स्थिर नसते, हे त्या कामांच्या नकाशात कुठेच नसायचं. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा वाळू खरवडून समुद्रात नेतात आणि पाऊस ओसरला की त्याच लाटा शांतपणे ती परत आणून टाकतात. या येण्याजाण्याच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम केलं की लाट त्यावर आपटून पायथ्याची वाळू उपसते. किनाऱ्याला आडवा बांध घातला तर किनाऱ्याच्या कडेने सरकणारी वाळू एका बाजूला साठते आणि पलीकडचं गाव उपाशी राहतं. दिव्यांचंही तसंच. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राकडचं आकाश उजळ असतं म्हणून ती पाण्यात पोचतात. मागे हायमास्ट असेल तर रस्त्याकडे वळतात. वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो. एका छोट्या गावाने किनाऱ्याला फारसं काही न करता किनाऱ्यावर जगून दाखवलं, हे उदाहरण मी प्रत्येक सभेत द्यायचो.

म्हणून मी म्हणायचो, किनारा आहे तसा राहू द्या.

हे मत हललं ते एका महिला सभेमुळे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बऱ्याचदा रजिस्टरवरच उरकायची. एका वर्षी नव्या सरपंचबाईंनी ती खरोखर भरवली आणि मुद्दे लिहून घ्यायला मला बसवलं. किनाऱ्याचा विषय निघाला तेव्हा बागेचं, बाकांचं, कमानीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. स्वच्छतागृह नाही. होडी यायची वाट बघत उन्हात बसावं लागतं, सावली नाही. हात धुवायला नळ नाही. बर्फ दुसऱ्या गावाहून येतो, तो पोचेपर्यंत मासळी उतरते आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागते. गोलमा, म्हणजे जवळा, सुकवायला वाळू नसलेली जागा उरलेली नाही. आणि सगळ्यांच्या तोंडी वाटेचा विषय होता: वाडीतून पुळणीवर जायची वाट.

मी सवयीने म्हणालो की एकदा काम सुरू झालं की कंत्राटदार किनारा ताब्यात घेईल, त्यापेक्षा आहे तसा राहिलेला बरा. टोपली विणता विणता एक काकी म्हणाल्या, "सर, तुमका दर्यो बघूचो आसता. आमका थंय काम करूचा आसता. किनारो असोच ऱ्हवतलो असा तुमका वाटता? मागे काय झाला ता बघा तरी."

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो, आणि पुळणीकडे पाठ करून चाललो. आजवर मी तिथे गेलो होतो तो नेहमी समुद्राकडे तोंड करून.

पुळणीमागची आगरं खाजगी मालकीची. मालक बरेचसे मुंबईला. त्यांच्या आगरांतून वाडीची वाट पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालत आलेली आणि एका आगरात शेणाने सारवलेलं मोठं खळं, जिथे सगळी वाडी मासळी सुकवायची. कुणी कागद केला नव्हता, कुणाला गरजही वाटली नव्हती. गेल्या काही वर्षांत यातली दोन आगरं विकली गेली. नव्या मालकाने चिऱ्याचा गडगा घातला, वर तार ओढली. कागद पाहिला तर त्याने काही वावगं केलं असं दिसत नाही. सातबाऱ्यावर वाटेची नोंदच नव्हती. खळं गडग्याच्या आत गेलं. वाट बंद झाली, आता डोक्यावर पाटी घेऊन स्मशानाच्या बाजूने वळसा घालावा लागतो.

आणि गोलमा डांबरी रस्त्याच्या कडेला पसरलेला होता. जुन्या साड्या अंथरून त्यावर पसरलेला, चारी कोपऱ्यांवर दगड. एक मोटरसायकल गेली, तिच्या मागच्या चाकाची रेघ साडीच्या काठावरून उमटत गेली. एक मुलगी खराट्याच्या काडीने कुत्र्याला हाकत बसली होती. तिच्या आईने मूठभर गोलमा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने चोळायला सांगितलं. खडी हाताला लागली. व्यापारीही असाच चोळून बघतो, ती म्हणाली, आणि दर पाडतो.

माझ्या विरोधाने ग्रामपंचायतीचं काम थांबलं होतं. बाकी कुणाचंच थांबलं नव्हतं. जो किनारा तसाच राहावा म्हणून मी भांडत होतो तो मागच्या बाजूने विकला जात होता, आणि ज्यांनी तो आजवर राखला त्यांना तिथून रस्त्यावर यावं लागलं होतं. आराखडा नसणं हासुद्धा एक आराखडा असतो आणि तो ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या सोयीचा असतो, हे मला तेव्हा पटलं.

मग मी सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना पुन्हा वाचायला घेतली. १८ जानेवारी २०१९ ची. सभेत मी तिचा उपयोग नेहमी अडवण्यासाठी केला होता. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना विकास क्षेत्र धरला जातो, एवढं मला पाठ होतं. पुढचं मी कधी तितक्या लक्षाने वाचलं नव्हतं. त्याच पट्ट्यात मासळी सुकवण्याच्या जागा, लिलावाची शेड, जाळी दुरुस्तीची जागा, पारंपरिक होड्या बांधण्याची जागा, बर्फ कारखाना यांना वाव दिलेला आहे, अगदी नावानिशी. किनाऱ्याच्या नकाशांत मच्छीमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामायिक जागा दाखवायच्या, हेही त्यात आहे. आणि आणखी एक: ठरावीक अटींवर झोपड्या, कपडे बदलायच्या खोल्या अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधाही त्याच पट्ट्यात चालतात. म्हणजे जागा तीच आणि हक्क सांगणारे दोन. खळ्याची जागा कागदावर नसेल तर तिथे पहिल्यांदा पर्यटनाची झोपडी येणार, आणि तेव्हा गावाकडे दाखवायला काही नसणार.

म्हणून नकाशा करायचा ठरलं. शाळेच्या व्हरांड्यात तपकिरी कागद जोडून अंथरला आणि वाडीतल्या माणसांना बोलावलं. पहिल्या दिवशीच अडचण आली. मी विचारलं, होड्या कुठे ठेवता? तर उलट प्रश्न आला, कधीच्या? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या सुरूच्या पलीकडे वर ओढून शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर त्या खाली येतात. पावसाळा संपून वाळू भरली की मधली पुळण रापणीला लागते. उन्हाळ्यात तीच पुळण सुकवणीला. थंडीत कासवाची घरटी सापडतात ती डोंगराच्या बाजूला, जिथे वर्दळ नाही. एकाच जागेचे वर्षभरात तीन-चार उपयोग, आणि ते एकमेकांना धक्का न लावता चालतात, कारण कोणी कधी हटायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. अधिकारी जानेवारीतल्या एका सकाळी येऊन पाहतो तेव्हा त्याला मोकळी वाळू दिसते आणि तो तिथे बाकं आखतो. आमच्या नकाशाला आम्ही महिने घातले.

रापणीसाठी मुलांनी फीत घेऊन अंतर मोजलं. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडची माणसं दोर ओढत मागे मागे सरकत जातात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी जाळ्याचा खोला वाळूवर येतो. यासाठी पुळणीची लांबी लागते तशी खोलीही लागते, आणि मधे एकही खांब, एकही बाक चालत नाही. मासळीचे वाटे पडतात, त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणीला मासळी कमी मिळते, हे दुखणं वेगळंच आहे आणि गावच्या आराखड्याने ते बरं होणार नाही. निदान दोर ओढायला जागा राहावी, एवढं गावाच्या हातात आहे.

सगळ्यात अवघड गेला तो बंधारा. दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला माझा विरोध होता आणि वाळूचं गणित सांगून मी तो करायचो. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात खाडीमुखाजवळच्या घरांच्या पायरीला पाणी लागलं होतं. त्या घरातल्या माणसाला, मर्यादवेल लावू, वाळूचा उंचवटा वाढेपर्यंत थांबा, असं मी सांगू शकत नाही. तळाशील, देवबाग ही आमच्यासारखीच समुद्र आणि खाडीच्या मधली गावं. तिथली माणसं बंधारा का मागतात, हे त्यांच्या पडवीत बसलं की कळतं. आता माझं मत असं की जिथे घरं लाटेच्या तोंडाशी आहेत तिथे बंधारा व्हावा, त्यात होड्या चढवायला उतार ठेवून. बाकीच्या पुळणीवर दगड टाकू नये. मर्यादवेल, केवडा वाढू द्यावा, वाळू अडवायला कुडाची कुंपणं घालावीत, आणि गाडी कुणाचीही असो, पुळणीवर उतरू देऊ नये. बंधाऱ्याच्या शेवटच्या टोकाला वाळू उपसली जाईल ही भीती मला आहेच. तज्ज्ञांकडून ते तपासून घ्यावं, हे मी लावून धरलं आहे.

पर्यटनाबद्दलही मी मवाळ झालो आहे. वाडीतल्या तीन-चार घरांनी निवास-न्याहारी सुरू केली आहे. पाहुण्यांना ताजी मासळी लागते, ती किनाऱ्यावरूनच विकत घेतली जाते, स्वयंपाक घरातल्या बायका करतात आणि पैसा त्यांच्या हातात पडतो. मागे रिसॉर्ट आणि पुढे पेव्हर यापेक्षा हे फार वेगळं आहे. या घरांना नीट रस्ता, पाणी आणि कचऱ्याची सोय लागते, आणि ती आराखड्यात न मागणं म्हणजे त्यांना एकटं सोडणं आहे. सुक्या मासळीचंही तेच. वाळूपासून उंच बांबूच्या मांडवावर, जाळी ताणून सुकवलेली मासळी स्वच्छ राहते आणि तिला दर बरा येतो. हे काम लाख मोलाचं आहे आणि खर्च मात्र कमानीपेक्षा कितीतरी कमी.

जुने सोबती माझ्यावर नाराज आहेत. एकाने सांगितलं, एकदा दार उघडलंत की आत कोण शिरेल ते तुमच्या हातात राहणार नाही. त्याची काळजी खरी आहे. निधी मंजूर होताना मांडव गळतो आणि कमान राहते, असं घडू शकतं. म्हणून कामांचा क्रम ग्रामसभेच्या ठरावातच बांधून घ्यायचा माझा आग्रह आहे: पहिली वहिवाटीच्या वाटेची नोंद आणि खळ्यासाठी गावाच्या मालकीची जागा, मग स्वच्छतागृह, पाणी आणि सावली, मग मांडव आणि बर्फ, मग बंधाऱ्याचा तुकडा. पहिली दोन पुरी झाल्याशिवाय पर्यटनाच्या नावाने एक पैसा खर्च होऊ नये. महिला सभेने हा क्रम जसाच्या तसा उचलला आहे.

दिव्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. तरुण मंडळाला पुळणीवर हायमास्ट हवा, कारण पहाटे होड्या काढताना अंधार असतो आणि पाय होडीखाली सापडायची भीती असते. हे कारण मी याआधी कधी ऐकून घेतलं नव्हतं. मी कमी उंचीचे, जमिनीकडे झाकलेले, फक्त होड्यांच्या जागेपुरते आणि काम झालं की विझवायचे दिवे सुचवले आहेत. कासवाच्या बाजूला एकही नको. ते म्हणतात, विझवणार कोण? पुढच्या ग्रामसभेत यावर मतदान आहे.