आम्ही फक्त पुढची बाजू झाकली

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकच्या पिशवीत असतो. ती पिशवी अम्मींनी घातलेली. जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं कामही त्याच करतात. वस्तू जपून वापरायची, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. तरीही नव्या गाडीला पारदर्शक आवरण लावण्यासाठी आम्ही बत्तीस हजार रुपये घालणार आहोत, हे कानावर पडलं तेव्हा अम्मी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "रिमोटच्या पिशवीला दोन रुपये पडतात."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या खर्चामागे एक जुनी धास्ती होती, ती आधी सांगायला हवी.

आम्ही चिपळूणजवळच्या एका वाडीत राहतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमची जुनी सेकंडहँड गाडी कामासाठी गॅरेजमध्ये लावलेली होती. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर सीटवर वीतभर चिखल आणि इंजिनात गाळ. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यामुळे भरपाई म्हणून एक पैसाही मिळाला नाही. शेवटी ती भंगारात गेली. व्याजाने पैसे काढायचे नाहीत, हा अब्बांचा नियम. अब्बा आता नाहीत, पण नियम आहे. म्हणून बीशी लावली, सणासुदीचे खर्च आवरले, थोडं सोनं मोडलं, आणि २०२५च्या फेब्रुवारीत सगळी रक्कम एकदम भरून पांढरी छोटी गाडी दारात आणली. या वेळी विमा मात्र पूर्ण उतरवला.

तिसऱ्याच आठवड्यात बॉनेटवर "टक्" असा आवाज झाला. आमच्यापैकी एकाची नोकरी लोट्याच्या कारखान्यात आहे. रोज परशुराम घाटातून मुंबई-गोवा महामार्गाने जावं लागतं. या रस्त्यावर जांभ्याचे चिरे भरलेले ट्रक, खडीचे डंपर सतत पुढे असतात. खडा उडाला आणि मसुराच्या दाण्याएवढा रंग निघाला, आत पत्रा दिसू लागला. महिन्याभरात असे तीन टवके झाले. आमच्याकडची हवा दमट आणि खारी. उघड्या पत्र्याला गंज लागायला एक पावसाळाही पुरतो.

मग आम्ही चौकशीला लागलो. सिरॅमिक कोटिंग सगळ्यांनीच सुचवलं. ते रंगावरचा फार पातळ थर असतं. पाणी घरंगळतं, चकाकी राहते, गाडी धुणं सोपं जातं. पण उडालेला खडा ते अडवू शकत नाही. खडा अडवायला जाड फिल्म लागते, तिला पीपीएफ म्हणतात, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. ही कल्पना मुळात गाड्यांसाठी निघालेली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून अशी चिवट फिल्म वापरात आली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग साध्या गाड्यांवर आली. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक पदार्थाची असते. तिची जाडी साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे कंपनीने दिलेल्या रंगाच्या सगळ्या थरांपेक्षाही जास्त.

जवळच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात विचारलं, तर अख्ख्या गाडीचे चौदा हजार सांगितले, वर "लाइफटाइम गॅरंटी". फिल्म टीपीयूची की पीव्हीसीची, असं विचारल्यावर "सगळं एकच असतं" हे उत्तर आलं. पक्कं बिलही द्यायला तयार नव्हते. आमच्या एका मामेभावाने अशीच स्वस्तातली फिल्म लावून घेतली होती. दोन वर्षांत ती पिवळी पडली. ती काढताना, पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवलेल्या बंपरचा रंग फिल्मबरोबर सोलून आला. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून तिथून परत फिरलो.

कोल्हापुरात फुफी राहतात. त्यांच्या मुलाने तिथलं हेच काम करणारं एक दुकान दाखवलं. त्यांनी पूर्ण गाडीचे पंच्याऐंशी हजार सांगितले, आणि फक्त पुढच्या भागाचे, म्हणजे बॉनेट, बंपर, पुढचे दोन्ही फेंडर, आरसे आणि हेडलाइट एवढ्याचे बत्तीस हजार.

इथे आम्हा दोघांचं जमेना. गाडी चालवणाऱ्याचं म्हणणं, लावायची तर पूर्ण लावू, दारांनी काय पाप केलं आहे? घरखर्चाची वही सांभाळणारीचं म्हणणं, खडे पुढून येतात, दारावर कोण खडे मारतो? शिवाय थोरलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही. दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं चाललं. शेवटी वही जिंकली.

एप्रिलमध्ये कुंभार्ली घाट चढून, कराडवरून कोल्हापूर गाठलं. काम दोन दिवसांचं होतं. मुक्काम फुफींकडे, पण दिवसभर आम्ही दुकानातच बसून राहिलो. एवढे पैसे मोजल्यावर बघायला तर हवं.

पहिला अर्धा दिवस फिल्म कुणी हातातही घेतली नाही. गाडी धुतली. मग एक औषध फवारलं, तर पांढऱ्या रंगावरून जांभळे ओघळ वाहू लागले. ते रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांचे, आणि तेही तीन महिन्यांच्या गाडीवर! त्यानंतर मातीसारख्या मऊ वडीने सगळा पृष्ठभाग घासून काढला. टवक्यांमध्ये बारीक ब्रशने रंग भरला, तो वाळू दिला, हलकं पॉलिश केलं. मालक म्हणाले, "फिल्म आरशासारखी असते. खाली जे असेल तेच दिसणार. घाण राहिली तर तीही कायमची झाकली जाईल."

मग गाडी बंद खोलीत नेली. धूळ उडू नये म्हणून फरशी ओली केली, पंखे बंद. आमच्या मॉडेलच्या मापाचे तुकडे यंत्राने आधीच कापून ठेवले होते. गाडीवर ठेवून ब्लेडने कापत बसलं, तर हात थोडा जरी जड पडला तरी रंगावर चीर जाते. दोन मुलांनी चादर धरावी तशी फिल्म चार कोपऱ्यांनी धरली. बॉनेटवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर पाणी फवारलं. त्या पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचे थेंब होते, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर बसवता येते. ती बसली की रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत न्यायचं. जिथे धरत नाही तिथे अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारायचं, वळणावर गरम हवा देऊन ताणायचं. ताण जास्त झाला तर पुढे कड उचलते, कमी झाला तर सुरकुती राहते. बंपरच्या एका कोपऱ्यासाठी त्या पोराने पाऊण तास घालवला. दोनदा लावलं, दोनदा काढलं. तिसऱ्यांदा बसल्यावर त्याने आमच्याकडे बघून नुसतं हसून दाखवलं. पैसे त्या हाताचे होते, हे आम्हाला तिथे कळलं.

मालकांनी एका नमुन्याच्या तुकड्यावर तारेचा ब्रश घासला आणि वरून कढत पाणी ओतलं. बारीक ओरखडे दिसेनासे झाले. मग किल्लीने जोरात रेघ मारली. ती काही गेली नाही. "ही जादू नाही," ते म्हणाले. "खोल कापलं तर फिल्म फाटेल, रंग वाचेल. गाडी ठोकली तर पोचा पडणारच." असं स्पष्ट सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

आमच्यासारख्या घरांसाठी, जिथे असा खर्च आयुष्यात एखादाच होतो, दोन-चार गोष्टी लिहून ठेवतो. फिल्म कशाची आहे ते विचारा. रोलचा क्रमांक बिलावर आणि वॉरंटीच्या कागदावर घ्या. पिवळं पडणं, कड सुटणं, तडे जाणं यांतलं वॉरंटीत काय येतं ते वाचा. गाडीचा एखादा भाग पूर्वी रंगवलेला असेल तर आधीच सांगा. लावल्यावर पहिले काही दिवस आत पाण्याचे बारीक फुगे दिसतात. ते टोचू नका, उन्हात आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातात. आठवडाभर गाडी धुऊ नका, नंतरही प्रेशरचं पाणी कडांवर जवळून मारू नका. पक्ष्यांची घाण आणि आंब्याचा चीक लगेच पुसा. रंग बदलणारी फिल्म घ्यायची असेल तर आरटीओत आरसी बुकावर नोंद करावी लागते. आणि नवीन गाडी असेल तर टवके पडायच्या आधीच लावा. आम्ही उशीर केला, त्यामुळे तीन ठिपके आजही फिल्मखालून आमच्याकडे बघतात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची गोष्ट लिहावी की नाही, यावर आमच्यात बरंच बोलणं झालं.

जून महिना. रात्रीचे साडेअकरा, पाऊस मुसळधार. वाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या खालाबींची सून भिजत दारात आली. खालाबींना दम लागला होता, श्वास घेता येत नव्हता. त्यांचा मुलगा कुवेतला. १०८ला फोन केला होता, पण रुग्णवाहिका आली तरी वाडीच्या तोंडाशीच थांबणार. वरची वाट एका गाडीपुरती. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या, आणि त्या पावसाच्या भाराने वाटेवर ओणवलेल्या.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. फार वेळ नाही, कदाचित एक-दोन श्वास. पण त्या वेळात दोघांच्याही डोळ्यांसमोर खालाबींच्या आधी ती दारं आली, ज्यांवर फिल्म नव्हती. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "खुर्चीत बसवून खाली आणता येईल का?" कोण म्हणालं, ते लिहीत नाही. म्हणणारा एक असला तरी मनात दोघांच्याही होतं.

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुपट्टा डोक्यावर घेतला, खुंटीवरची किल्ली काढून आमच्या हातात दिली, आणि छत्री न घेताच जाऊन मागच्या सीटवर बसल्या.

गाडी वर गेली. जाताना आणि येताना करवंदीच्या काट्यांचा कर्र आवाज दोन्ही वेळा ऐकला. खालाबी अम्मींच्या खांद्यावर डोकं टाकून होत्या. दवाखान्यात पोहोचताच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. चौथ्या दिवशी खालाबी घरी आल्या, आणि अल्लाहच्या मेहेरबानीने आज पुन्हा ओट्यावर बसून सगळ्या वाडीची खबर घेतात.

सकाळी उजेडात गाडी पाहिली. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर मागपर्यंत रेघाच रेघा. पुढच्या फेंडरवरही ओरखडे होते, पण तिथे फिल्म होती. दुपारी ऊन पडल्यावर त्यातले बरेचसे विरून गेले. दारांवरचे तसेच राहिले. "पूर्ण लावली असती तर" हे वाक्य गाडी चालवणाऱ्याला सहज म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही, आणि वही सांभाळणारीने ते न म्हणणं ऐकलं.

बारीक रेघा पॉलिशने निघाल्या. एक लांब रेघ उरली आहे. ती काढायला दार रंगवावं लागेल, ते आम्ही करणार नाही. पैसे नाहीत हे एक कारण, पण तेवढंच नाही. गाडी धुताना हात त्या रेघेवरून जातो तेव्हा ती रात्र आठवते. खालाबी वाचल्या हे आठवतं, तसेच ते एक-दोन श्वासही.

फिल्म लावल्याचा पस्तावा नाही. घाटातले खडे आजही उडतात, आवाज होतो आणि बॉनेटचा रंग जागेवर राहतो. कष्टाच्या पैशाची वस्तू जपायलाच हवी, आणि ती जपण्याचं चांगलं साधन मिळत असेल तर ते नीट पारखून घ्यावं. फक्त वस्तू कशासाठी आणली, ते त्या आवरणाखाली झाकलं जाऊ नये.

रिमोट अजून पिशवीतच आहे. परवा पिशवी फाटली, तर अम्मींनी नवी घातली. गाडीच्या रेघेबद्दल मात्र त्यांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही. आता वाडीत कुणाच्या घरी रात्री-बेरात्री गरज पडली, तर लोक सरळ आमच्या दाराशी येतात. आणि किल्ली आता खुंटीवर नसते, दाराजवळच्या खिळ्याला असते.