मका, खरकटं आणि वराहपालनाचा हिशेब

नाशिकमध्ये वराहपालन करू का, असं विचारायला येणारे तरुण हल्ली मोबाइलवरच हिशेब मांडून आणतात. मादी वर्षातून दोनदा विते, वेताला दहा पिल्लं, म्हणजे दहा माद्यांची वर्षाला दोनशे. गुणाकार बरोबर आहे. गाभणकाळ 114 दिवसांचाच असतो. पशुवैद्य म्हणून मी एवढंच विचारतो : खायला काय घालणार?

कारण खर्चातला साधारण सत्तर टक्के वाटा खाद्याचा. पंधरा किलोचं पिल्लू नव्वद किलोंचं करायचं, तर किलोभर वाढीला साडेतीन किलो धरून 260 किलो खाद्य लागतं. ते समजा 28 रुपये किलोनं पडलं, तर जवळपास 7,300 रुपये. पिल्लू विकत घेतलं 3,500 ला. जिवंत वजनाला 130 रुपये भाव मिळाला, तर हाती येतात 11,700. उरलेल्या नऊशेत मजुरी, औषधं आणि मेलेल्यांचा तोटा बसवायचा. तो भावही बाजार समितीतल्या लिलावात ठरत नाही. गाडी घेऊन येणारा व्यापारी सांगेल तो.

येवला-लासलगावचा मका हाकेच्या अंतरावर आहे खरा, पण त्यावर कोंबडीवाल्यांचा डोळा आधीपासून होता, आता इथेनॉलवाल्यांचाही आहे. 2025-26चा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये. आवक वाढली की बाजार त्याच्या खाली घसरतो. साठवायला कोरडी जागा असेल त्यानं तेव्हाच भरून ठेवावा. ओला मका मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, बुरशीचं विष पिल्लांना आधी बाधतं.

वडार, कैकाडी वस्त्यांवर पिढ्यान्पिढ्या डुकरं पाळली गेली ती मोकळी सोडून. खाद्याला पैसा पडत नव्हता, म्हणून ते परवडायचं. बंदिस्त गोठ्यात ती जागा हॉटेलच्या खरकट्यानं घेतली आहे. सातपूर-अंबडची कँटीनं, महामार्गावरची हॉटेलं यांतून निम्मं खाद्य भागलं, तर डुकरामागे साडेतीन हजार वाचतात. पण खरकट्यात पाणीच फार. किलोभर कोरड्या खाद्याऐवजी चार-पाच किलो लागतं. वीस डुकरांना रोज ऐंशी किलो. ते आणायचं आणि उकळायचं, म्हणजे डिझेल आणि सरपण आलंच.

उकळण्यात काटकसर करणाऱ्यांवर मी चिडतो. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला. त्याला औषध नाही, आपल्याकडे लसही नाही, आणि खरकट्यातला डुकराच्या कच्च्या मांसाचा एक तुकडा त्याला पुरतो. रोग सापडला की किलोमीटरभराच्या परिघातली सगळी डुकरं मारावी लागतात, शेजाऱ्याचीसुद्धा. म्हणून खरकटं निदान 90 अंशांवर तासभर, ढवळत ढवळत शिजवायला हवं.

राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या तीस लाखांच्या अनुदानाची चौकशी सगळेच करतात. ते शंभर माद्यांच्या प्रकल्पासाठी आहे; दहा माद्यांवाल्यानं त्याची वाट पाहू नये. खरकट्याचा लेखी करार आणि निदान दोन खरेदीदार हाती नसतील, तर नाशिकमध्ये हा धंदा सुरूच करू नका.