पेशंटचं बळ

दवाखान्यात पेशंट हलवायच्या आमच्या कामावर नवा आलेला मुलगा आधी दंड दाखवतो. ‘मावशी, बाबांना मी एकटाच उचलतो,’ म्हणतो. त्याला मी थांबवते. आधी सिस्टरांना विचारायचं: कुठली बाजू अधू आहे, ऑपरेशन कधी झालं, उभं करायची परवानगी आहे का. सलाइन आणि ऑक्सिजनची नळी कुठे अडकेल ते बघायचं. युरोबॅग मूत्राशयाच्या खालीच हवी. ती पोटावर ठेवून स्ट्रेचर ढकललं, तर लघवी नळीतून उलट आत जाते. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या.

आणि मग पेशंटशी बोलायचं. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. लकवा झालेल्याचा एक हात, एक पाय गेलेला असतो, पण दुसरा शाबूत असतो. खुर्ची त्या शाबूत बाजूला लावायची. ‘आजोबा, हा पाय जरा मागे घ्या, पुढे वाका, तीन म्हटलं की उठा,’ असं सांगितलं की बरेचसे आजोबा आपल्या बळावर अर्धेअधिक उठतात. आपण कमरेच्या पट्ट्याला धरायचं आणि लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेका द्यायचा. फार दिवस पडून असलेल्याला मात्र लगेच उभं करायचं नाही, रक्तदाब उतरून अंधारी येते. पाय खाली सोडून दोन-चार मिनिटं बसवायचं. ओटीतून बोलावणं आलेलं असलं तरी बसवायचं.

मणक्याला मार असेल तर चार जणांशिवाय मी हात लावत नाही. मोजायचं ते डोक्याशी उभा असणाऱ्याने, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यात मोठे डॉक्टर का असेनात.

अमेरिकेत थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ साली हिशेब मांडला होता: पेशंट हलवताना एकाच्या हातांवर सुमारे १६ किलोहून जास्त भार येऊ नये. आमच्याकडे दोघी बायका सत्तर किलोचा माणूस चादरीने ओढतात. त्यांची कंबर जाते, आणि घासून पेशंटच्या माकडहाडावरची कातडी सोलते. पुढे तिथेच बेडसोअर होतो. सरकवायची गुळगुळीत फळी प्रत्येक वॉर्डात असलीच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

नातेवाइकांना एक विनंती. आम्ही माणसं गोळा करेपर्यंत थांबा, आणि आपल्या माणसाला लुळ्या हाताला धरून उठवू नका. त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढल्याने तो सांध्यातून निसटतो.