स्थावर, जंगम आणि कॅसेट

बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. स्थावर काय आहे, आणि जंगम काय आहे? मग तो घर, शेत, दुकानाचा गाळा, बायकोच्या पाटल्या, फार तर एखादी मोटारसायकल असं सांगत जातो आणि मी लिहीत जातो. गेल्या वीस-बावीस वर्षांत एकाही कर्जदाराने "साहेब, माझ्याकडे एकशे चाळीस कॅसेटी आहेत" असं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर बँकेचे नियम काहीही असोत, मी त्याला निदान चहा तरी पाजला असता.

कारण माझ्याकडे आहेत. चांगल्या एकशे बेचाळीस. पलंगाखाली बुटांच्या खोक्यांत निजल्या आहेत. आमच्या हिच्या मते तो डेड स्टॉक आहे, आणि घसारा काढला तर पुस्तकी किंमत शून्य. पण बी. कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की घसारा काढून काढून संपलेली वस्तू वापरात असेल तर ती वहीतून एकदम उडवू नये. नाममात्र एक रुपया किमतीने दाखवत राहावी. तो एक रुपया नक्की कशाबद्दल ठेवायचा, हे मात्र आमच्या सरांनी सांगितलं नाही. परीक्षेला नसावं.

हल्लीच्या मुलांना गाणं माहीत आहे, अल्बम माहीत नाही. त्यांचं गाणं म्हणजे गाडीवरचा वडापाव. हवा तेव्हा घेतला, दोन घास खाल्ले, टाकला. अल्बम ही पंगत होती. वाढतील ते, वाढतील त्या क्रमाने, आणि ताटात टाकायचं नाही! जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. गवयाने आलाप घ्यायला तोंड उघडावं तोच तबकडी संपायची. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसता यायला लागलं. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली आणि ही पंगत खिशात मावायला लागली. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे तीस मिनिटं एका बाजूला, तीस दुसऱ्या. नावडतं गाणं टाळायचं तर बटण दाबून अंदाजाने पुढे पळवायचं, मग ते हटकून आवडत्या गाण्याच्या मध्यावर थांबायचं, की पुन्हा मागे. त्यापेक्षा नावडतं ऐकून घेणं स्वस्त पडे. असं करता करता ते आवडायला लागायचं. आमच्या पिढीची निम्मी लग्नं याच तत्त्वावर टिकली आहेत.

आमचं घर मिरजेचं. सतारमेकर गल्ली घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारी-तंबोरे देशभर जातात. गाणं मात्र आमच्या घराचा उंबरा चढलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावात राहून आमच्या घराण्यात आरतीसुद्धा कुणी सुरात म्हटलेली नाही. त्यामुळे ऐकण्याकडे सगळ्यांनी जास्त लक्ष दिलं. एच. एम. व्ही.च्या तबकडीवरचा तो कुत्रा पाहा. मन लावून ऐकतो आहे, आणि स्वतः गात नाही. आमच्या घराण्याचा आदर्श तो.

घरातली पहिली मानाची मालमत्ता म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातला 'गीतरामायणा'चा संच. आजीने ते मुळात रेडिओवर ऐकलेलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक गीत. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या साली अधिक महिना आला, म्हणून छप्पन्न झाली. माडगूळकरांनी चार गीतं जास्त दिली, याचं आजीला फार कौतुक. "नाहीतर तुमची बँक! अधिक महिन्याचं व्याज देता का?" असं ती मला मरेपर्यंत विचारत होती.

आमच्या संचातली मधली एक कॅसेट शेजारचे तात्या 'उद्या आणून देतो' म्हणून घेऊन गेले. तो उद्या अजून उजाडायचा आहे. नेमकी सुवर्णमृगाची कॅसेट गेली. तेव्हापासून आमच्या घरातलं रामायण जरा निराळं आहे. पंचवटीत राम-सीता सुखाने नांदत असतात, आणि पुढची कॅसेट लावली की राम अचानक वानर गोळा करायला लागतो. रावणाने नक्की काय केलं, याचा आमच्याकडे लेखी पुरावा नाही. माझी धाकटी बहीण लहानपणी रावणाच्या बाजूने भांडायची, "पण त्याने केलं काय?" आजी म्हणायची, "ते तात्यांना विचार." तात्या वारले तेव्हा अण्णा त्यांच्या घरी भेटून आले. आजीने अगदी हळू आवाजात विचारलं, "कॅसेट दिसली का रे?" आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. सीता तरी त्यांच्यापाशी राहू दे."

सगळ्याच कॅसेटी आपण विकत घेतलेल्या नसतात. काही गल्लीने आपल्यावर लादलेल्या असतात. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गणपतीच्या मांडवात कर्णा आला. आनंद शिंदे यांचा तो प्रसिद्ध पोपट एका वर्षी आमच्या खिडकीसमोर दहाही दिवस उडत होता. मी तेव्हा पाढे पाठ करत होतो. एकोणिसाचा पाढा मुळातच कुणाच्या बापाला येत नाही. मी तो त्या चालीवर बसवला. आज एवढी संगणकावर बँक चालते, पण 'एकोणीस साती' म्हटलं की 'एकशे तेहतीस' यायच्या आधी माझ्या डोक्यात पोपट येतो. काउंटरवर माझी मान हलते. ग्राहकाला वाटतं, साहेबांना आनंद झाला.

पुढे नव्वदीच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. आधी कविता, मग गाणं, आणि सगळीकडे पाऊस. तोवर कॉमर्सच्या पोरांना पाऊस म्हणजे 'मालाचे पाण्याने नुकसान, विमा दावा दाखल' एवढाच ठाऊक. आमच्या वर्गात अकरा जणांत मिळून एक कॅसेट होती. ती पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या मनातल्या मुलीच्या घरी जाऊन यायची. माझी पाळी आली तेव्हा मीही ती एका घरी पोचवली. चार दिवसांनी तिचा भाऊ कॅसेट परत घेऊन आला. माझ्या छातीत ट्रायल बॅलन्स जुळत नव्हता. तो म्हणाला, "ताईने सांगितलंय, दुसऱ्या बाजूला घरघर येते." झालं! माझ्या आयुष्यातल्या पहिल्या प्रेमाचा एवढाच अभिप्राय. त्या भावाचं गृहकर्ज आज आमच्याच शाखेत आहे. हप्ता वेळेवर भरतो. पण तो समोर आला की मला आपली घरघर ऐकू येते.

या सगळ्या मालमत्तेत तारण ठेवणार नाही अशी कॅसेट एकच. तिच्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलं आहे, 'काश्मीर'.

आईअण्णांचं लग्न १९७५ सालचं. लग्न ठरताना अण्णांनी आईला "काश्मीर दाखवीन" असं सांगितलं होतं. सरकारी कचेरीतला कारकून, मागे दोन बहिणी लग्नाच्या. काश्मीर राहिलं, नरसोबाची वाडी झाली. त्यानंतर एकदा अण्णा पुण्याला कामाला गेले, ते येताना एक लाँग प्ले घेऊन आले. 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ ची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शब्द एकही नाही. अण्णा स्वतःही दिवसाकाठी वीस-पंचवीस शब्द वापरणारे. त्यामुळे निवड त्यांना साजेशी होती.

एकच अडचण होती. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता.

पण काश्मीर घरात आलं होतं ना! लग्नाच्या वाढदिवशी संध्याकाळी अण्णा रेकॉर्ड पिशवीत घालायचे, आई ठेवणीतलं पातळ नेसायची, आणि दोघं डॉक्टरांच्या घरी काश्मीरला जायची. प्रवास चाळीस मिनिटांचा. वेष्टनावरचा इंग्रजी मजकूर वाचून अण्णा वाटाड्यासारखे सांगायचे, "आता पहाट झाली. आता मेंढ्या निघाल्या." आई विचारायची, "मग मेंढ्यांचा आवाज कुठाय?" अण्णा म्हणायचे, "तो काढून टाकलाय."

१९८४ साली काकांनी मस्कतहून टू-इन-वन आणला. अण्णांनी रेकॉर्ड नेऊन बाजारातल्या एका दुकानदाराकडून साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं असेल. रेकॉर्ड चाळीस मिनिटांची, कॅसेट साठची. प्रत्येक बाजूला दहा मिनिटं शिल्लक. दुकानदार सज्जन होता. गिऱ्हाइकाने साठ मिनिटांचे पैसे मोजलेत, तर टेप रिकामी कशी द्यायची? त्याने स्वखुशीने पहिल्या बाजूच्या शेवटी आरत्या भरल्या, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी.

तेव्हापासून आमच्या काश्मीरचा भूगोल ठरून गेला. पहाट व्हायची, मेंढ्या निघायच्या, दुपारी संतूर जरा विसावलं की 'सुखकर्ता' सुरू. आजी पटकन उठून उभी राहायची आणि हात जोडायची. मग बाजू बदलायची. संध्याकाळ, रात्र, पहाडी. बासरी लांब डोंगरापलीकडे जाऊन विरायची, आई पदर सावरून गप्प बसलेली असायची, दोन सेकंद खर्र असा आवाज यायचा, आणि ढोलकी घेऊन दादा कोंडके खोऱ्यात उतरायचे! पहिल्यांदा अण्णा चिडले होते. पण आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि कॅसेट बदलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दादांचं गाणं संपलं की अण्णा टेप बंद करून एकच वाक्य म्हणायचे, "चला, काश्मीर संपलं. पानं घ्या." दर वर्षी हेच. इतक्या वर्षांत त्यात एका शब्दाची भर नाही.

अण्णा २०१६ साली गेले. त्यानंतर वाढदिवसाला कॅसेट लागली नाही. लावू का, असं मी विचारलं नाही आणि लाव, असं आई म्हणाली नाही. दरम्यान घरात पाच हजार गाणी आधीच भरून येतो तो रेडिओसारखा डबा आला. आई त्यावर सकाळी अभंग ऐकायची. एवढ्या पाच हजारांत तिने काश्मीर शोधलं नाही.

आम्हा बँकवाल्यांना एलएफसी म्हणून एक सवलत असते, रजा घेऊन सहकुटुंब प्रवासाला जाण्याची. २०२३ च्या मे महिन्यात मी ती काश्मीरला लावली. आई म्हणाली, "या वयात मला कशाला?" पण स्वेटर तिने आदल्या महिन्यातच उन्हाला घालून ठेवला होता.

सोनमर्गच्या रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. शेकड्यांनी मेंढ्या, आणि त्यांचा तो गलका. आमची गाडी अर्धा तास थांबली. मुलं कंटाळली. आई काचेला नाक लावून बघत होती. "अरे, खरंच निघतात की!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आवाज काढून टाकला तेच बरं केलं हो यांनी."

परतायच्या आदल्या संध्याकाळी दल सरोवरात शिकारा केला. मिरजेतली कॅसेट बरोबर आणून उपयोग नव्हता, वाजवायची कशावर? हिने फोनवर तो अल्बम शोधून लावला. आवाज अगदी स्वच्छ, घरघर नाही, खर्र नाही. आई अंगाभोवती शाल घेऊन बसली होती. पाणी काळं होत गेलं, पलीकडच्या हाउसबोटींचे दिवे लागले, पहाडी आला, बासरी लांब गेली आणि संपली. फोन गप्प झाला. ही पुढचं काहीतरी लावायला लागली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"थांब गं. आता दादा येतील."

कुणीच काही बोललं नाही. वल्ह्याचा तेवढा आवाज. मग मी फोन घेतला, दादा कोंडके शोधले आणि लावले. दल सरोवरावर ढोलकी वाजली. शिकारेवाला मागे वळून बघायला लागला, मग त्यानेही मान डोलवली. त्याला वाटलं असावं, हाही कुठला तरी रागच आहे.

गाणं संपलं. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "चला, काश्मीर संपलं. पानं घ्या."